सहा सेल खाणारा घोडा

हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांमध्ये कोण कोणाला भारी पडले, याचा इतिहास सहसा इंजिनिअर मंडळी लिहितात. त्यामुळे पडदा किती रंगांचा, प्रोसेसर किती वेगाचा, याची त्यात रेलचेल असते आणि शेवटी निकाल मात्र भलताच लागतो. सगळ्यात रंगीत आणि वेगवान यंत्र आपटते, मळकट हिरव्या पडद्याचे ओबडधोबड यंत्र जिंकते, आणि इंजिनिअर डोके खाजवत बसतात. हाच इतिहास जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एखाद्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने किंवा धुळ्याच्या पाचकंदिलाजवळच्या एखाद्या किरकोळ दुकानदाराने लिहिला असता, तर डोके खाजवायची वेळ आली नसती. वस्तू वापरणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, हे त्याला गल्ल्यावर बसून पाठ झालेले असते. खेळणारा दहा वर्षांचा, पैसे देणारा चाळिशीचा. आणि चाळिशीच्या खान्देशी माणसाला पडद्यावर किती रंग आहेत याच्याशी काडीचेही देणेघेणे नसते. माझे म्हणणे एवढेच की हातातल्या गेमची लढाई पडद्यावर कधी झालीच नाही. ती घरखर्चाच्या वहीत झाली, आणि वहीत जो सगळ्यात कमी खुपला तो जिंकला.

पुरावा म्हणून १९८९ सालापासून सुरुवात करू. त्या एप्रिलमध्ये निन्टेन्डोने जपानात 'गेम बॉय' आणला. ही क्योतोची कंपनी मुळात १८८९ साली पत्ते करायला निघाली होती. पण अमळनेरला १९४५ साली वनस्पती तूप करायला निघालेली कंपनी पुढे विप्रो म्हणून संगणकात शिरलेली ज्या मुलखाने पाहिली, त्याला पत्त्यांच्या कारखान्यातून गेम निघाल्याचे नवल वाटू नये. गेम बॉयचा पडदा रंगहीन, त्याला मागून उजेड नाही, आणि वेगाने पळणारे चित्र त्यावर फरफटल्यासारखे दिसायचे. त्याच वर्षी अमेरिकेत अटारीचा 'लिंक्स' आला तो रंगीत पडदा आणि मागून उजेड घेऊनच. पुढच्या वर्षी सेगाचा 'गेम गिअर' आला, तोही तसाच झगमगीत. सेगाने अमेरिकेत जाहिराती करकरून गेम बॉयच्या फिक्या पडद्याची यथेच्छ टिंगल केली. अमेरिकेतल्या किमती साधारण अशा होत्या: गेम बॉय ९० डॉलर, गेम गिअर १५०, लिंक्स १८०. निकाल जगजाहीर आहे. गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांच्या वर खपले, गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला आणि लिंक्स त्याच्याही पुष्कळ मागे राहिला. टिंगल करणारा हरला आणि जिची टिंगल झाली ती वस्तू घराघरात गेली, हे आपल्याकडच्या निवडणुकांतही अधूनमधून होतेच.

आता या आकड्यांमागचे गुपित यंत्राच्या पाठीवरच्या झाकणात आहे. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागत आणि ते साधारण पंधरा तास चालत. गेम गिअरला सहा लागत आणि ते तीन ते पाच तासांत मान टाकत. लिंक्सची तऱ्हाही तीच. उन्हाळ्याची सुट्टी दीड महिन्याची धरू आणि पोरगा शहाणा आहे, रोज दोनच तास खेळतो, असेही धरू (हिशेबापुरते काहीही धरता येते). एकूण नव्वद तास झाले. गेम बॉय त्यात चोवीस सेल खातो. गेम गिअर, चार तासांचा हिशेब लावला तर, एकशे पस्तीस सेल खातो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दत्तजयंतीला नाचणाऱ्या घोड्याभोवती जी गर्दी जमते, तिच्यात घेणारे किती आणि बघणारे किती हे तिथला व्यापारी लांबूनच ओळखतो. बघणारा तोंडाने वा वा करतो. घेणारा मुकाट्याने दात बघतो आणि मग दाणावैरणीचे विचारतो. सेगाने नाचणारा घोडा विकायला काढला, भोवती गर्दीही जमली, पण "हाई किती सेल खास?" या एका प्रश्नावर निम्मी गर्दी पांगली. प्रश्न अहिराणीत विचारा, इंग्रजीत विचारा किंवा जपानीत विचारा, उत्तर सहाच येते.

सेल म्हणजे काय चीज असते हे ज्यांना आता मोबाइल चार्जिंगला लावून विसरता येते, त्यांच्यासाठी थोडे खुलासेवार सांगायला हवे. नव्वदीच्या दशकातल्या मध्यमवर्गीय घरात पेन्सिल सेलना एक ठरलेली सेवा बजवावी लागे. नवा सेल जास्त ओढणाऱ्या वस्तूत जाई. तिथे तो दमला की त्याची बदली टीव्हीच्या रिमोटमध्ये होई. रिमोटमध्ये बटण तीनतीनदा दाबावे लागले की त्याची रवानगी भिंतीवरच्या घड्याळात होई, कारण घड्याळाची भूक इतकी बारीक की मरणपंथाला लागलेला सेलही त्याला महिनोन्महिने पुरतो. घड्याळ मागे पडू लागले की सेल गच्चीवर उन्हात वाळत पडे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा त्या उन्हाने पापड वाळतात आणि सेलमध्येही जरा धुगधुगी येते. तेवढ्यानेही भागले नाही तर सेल दाताखाली धरून चावायचा, हा शेवटचा उपाय. त्याने दातांचे काय होते हे कोणी विचारीत नसे, सेलचे काय झाले एवढेच बघितले जाई. अशा घरात गेम गिअर आला असता तर सकाळी दहाला रिमोट गेला असता, अकराला घड्याळ थांबले असते, बाराला स्वयंपाकघरातून "कोणी नेले सेल?" अशी विचारणा झाली असती आणि सव्वाबाराला गेम गिअरच कपाटावर ठेवला गेला असता. गेम कसा आहे यावर तोवर कोणी एक शब्दही बोललेले नसते.

यावर पहिला आक्षेप उजेडाचा येईल. एके काळी खान्देशात लोडशेडिंग इतके होते, की भुसावळजवळ दीपनगरला वीज तयार व्हायची आणि आसपासच्या गावांत मेणबत्ती लागायची. मग अंधारात दिसणारा गेम गिअर इथे सरस ठरायला नको का? आक्षेप वरवर बरोबर वाटतो, पण अंधारात सेलची खरी मागणी कुठून येते याचा त्याला पत्ता नाही. वीज गेल्यावर घरातला प्रत्येक चांगला सेल हा उजेडाचा आणि बातम्यांचा असतो. त्या वेळी सहा सेल कुशीत घेऊन कोपऱ्यात गेम खेळत बसलेल्या पोराचे जे होईल ते लिहिण्यासारखे नाही. शिवाय आपली अडचण उजेड कमी असण्याची थोडीच आहे! बाराही महिने ऊन ओतते. मागून उजेड देणारे त्या काळचे पडदे असल्या उन्हात धुऊन निघाल्यासारखे फिके पडत, आणि गेम बॉयचा पडदा मात्र बाहेरच्या उजेडावरच जगत असल्यामुळे ओट्यावर बसले की उलट जास्त स्पष्ट दिसे. ज्या दोषासाठी सेगाने त्याची टर उडवली तो दोष तापीकाठी गुण ठरला असता.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे. गेम बॉय जिंकला तो सेलमुळे नव्हे, 'टेट्रिस'मुळे, असे जाणकार म्हणतात. मॉस्कोत अलेक्सी पाजितनोवने १९८४ साली केलेला हा खेळ अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यातच मिळत असे, आणि त्याने पोरांच्या बरोबरीने त्यांच्या आयाबापांनाही वेड लावले. मान्य आहे. पण टेट्रिस हा खेळ स्वभावाने किती काटकसरी आहे हे बघा. त्याला रंग लागत नाही, गोष्ट लागत नाही, राजकन्या सोडवावी लागत नाही. आणि मुख्य म्हणजे तो संपत नाही. संपणारा गेम म्हणजे नव्या कॅसेटचा खर्च. न संपणारा गेम म्हणजे एकदाच केलेली खरेदी. टेट्रिस आवडण्याची कारणे खेळणाऱ्याकडे पुष्कळ असतील. पैसे देणाऱ्याकडे मात्र हे एकच कारण होते आणि तेवढे पुरले. म्हणजे हा आक्षेपही शेवटी वहीतच येऊन बसतो.

गेम बॉयचा कर्ता गुनपेई योकोई याला हे सारे चांगले उमगले होते. त्याचे सूत्र असे, की मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि ते नव्या जागी वापरावे. कॅल्क्युलेटरचे पडदे स्वस्त झाले तेव्हा त्यांतून त्याने १९८० साली 'गेम अँड वॉच' काढले. त्यात घड्याळही होते, म्हणजे खेळणे असूनही वेळ सांगण्याचे पुण्य त्याच्या खात्यावर जमा होते. आता कोणी म्हणेल, हेच सूत्र अमोघ असते तर याच योकोईचा १९९५ सालचा 'व्हर्च्युअल बॉय' का आपटला? तोही काळ्यावर लाल एवढ्याच रंगाचा, तोही स्वस्त दिव्यांवर बेतलेला. पण ते यंत्र टेबलावर ठेवून त्यात तोंड खुपसून बसावे लागे. घरातल्या माणसांना खेळणाऱ्याचे तोंड दिसत नसे, खेळणाऱ्याला घर दिसत नसे, आणि हाक मारली तरी ओ येत नसे. खर्चाला एक वेळ माफी असते, ओ न देण्याला नसते. शिवाय त्याला सेल किती लागत? सहा. तेव्हा हा अपवाद सुद्धा नियमाच्याच बाजूने साक्ष देऊन गेला.

मग खान्देशात गेम बॉय जिंकला का? मुळीच नाही, कारण तो इथल्या दुकानांत आलाच नाही म्हटले तरी चालेल. परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध होते, आणि त्यांतले शेवटचे परिमाणात्मक निर्बंध उठायला १ एप्रिल २००१ उजाडला. पण नियमाला कंपनीचे नाव लागत नाही. गेम बॉयच्या जागी आला तो 'ब्रिक गेम', चीनहून आलेला, कंपनीचे नाव-गाव नसलेला, दोन सेलवर चालणारा. टेट्रिसच्या हक्कांसाठी निन्टेन्डो आणि अटारीची मंडळी १९८९ साली अमेरिकेच्या कोर्टात एकमेकांच्या उरावर बसली होती. तोच टेट्रिस आपल्याकडे जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात शिट्टी, फुगे आणि पाण्यातल्या रिंगांच्या गेमशेजारी टांगलेला असे. खोक्यावर लिहिलेले असे '९९९९ इन १'. त्यात खरे खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असत आणि बाकी सगळे वेग आणि पातळी बदलून वाढवलेले आकडे. पण या आकड्याचा उपयोग खेळण्यासाठी नव्हताच. तो घासाघीस करणाऱ्या बापासाठी होता. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम एवढ्याशा पैशांत म्हटल्यावर प्रत्येक गेम कितीला पडला याचा भागाकार तो मनातल्या मनात करी, उत्तर पैशांतही येत नसे, आणि खिशात हात जाई. हा चोरीचा माल, त्याला स्पर्धेत धरू नका, असे कोणी म्हणेल. नीतीच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण बाजाराच्या दृष्टीने बघितले तर दोन थोर कंपन्या भांडत राहिल्या आणि लोणी तिसऱ्यानेच खाल्ले.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात भक्कम पुरावा मात्र २००३ सालचा आहे आणि तो एकाच कंपनीच्या घरातला आहे. त्या वर्षी नोकियाने आणलेल्या हँडसेटपैकी दोन घ्या. एकाचे नाव 'एन-गेज'. हा खास गेमसाठी केलेला फोन, किंमत अमेरिकेत २९९ डॉलर. त्यातला गेम बदलायचा तर मागचे झाकण काढायचे, बॅटरी काढायची, कार्ड बदलायचे आणि पुन्हा सगळे बसवायचे. फोनवर बोलायचे तर तो कानाला आडवा, कडेवर उभा धरायचा, म्हणजे बोलणाऱ्याकडे लोक थांबून बघत. दुसरा होता 'नोकिया ११००'. त्याला रंग नव्हता, कॅमेरा नव्हता, पण डोक्याला टॉर्च होता, बटणांत धूळ शिरत नसे, आणि आत गेममधला साप होता. एन-गेज कंपनीच्या अपेक्षांच्या जवळपासही पोचला नाही. ११०० जगभरात पंचवीस कोटींवर खपला. आता यावल-रावेरचा केळीवाला डोळ्यांपुढे आणा. शेतीपंपाची वीज तेव्हा पाळीने यायची आणि पाळी बऱ्याचदा रात्रीची असायची. मोटर सुरू करायला अंधारात बांधावरून जायचे, खाली इंचू-काटा बघायचा, हातात टॉर्च हवाच. त्याने ११०० घेतला तो मोटरसाठी. वहीत त्याची नोंद शेतीखर्चात झाली, आणि त्याच टॉर्चच्या मागे बसून साप घरात शिरला. दिवसा तो फोन पोराच्या हातात, रात्री बापाच्या हातात, आणि पाणी भरेस्तोवर विहिरीवर बसलेला बापही पोराचा विक्रम मोडायच्या मागे. बांधावरचा साप टाळायला घेतलेल्या वस्तूतला साप पाळायची वेळ आली, पण खर्चाचा सवाल कोणी काढला नाही. गेमसाठी केलेले यंत्र हरले आणि शेतीसाठी घेतलेले यंत्र गेममध्ये जिंकले.

इथे कोणी जगाचे दाखले काढील. जगभर लोक निव्वळ खेळायची यंत्रे राजरोस विकत घेतात, सोनीचा 'पीएसपी' आठ कोटींच्या घरात गेला, ताकदवान यंत्र हरतेच असे कुठे आहे? आठ कोटी हा आकडा हिणवण्यासारखा नाहीच. पण त्याच २००४ साली आलेला निन्टेन्डोचा 'डीएस', दिसायला साधा आणि ताकदीने दुबळा, १५ कोटी ४० लाखांवर गेला. पीएसपी अमेरिकेत २५० डॉलरला, डीएस १५० ला. पण खरी मेख पुढेच आहे. पीएसपी एकविसाव्या शतकातला वॉकमन म्हणून मिरवला: गाणी ऐका, सिनेमे बघा. म्हणजे गेमच्या चैनीला सबब काढली ती दुसऱ्या चैनीची. निन्टेन्डोने २००५ साली डॉक्टर कावाशिमा यांच्या नावाने मेंदूच्या व्यायामाचा कार्यक्रम काढला. रोज थोडी आकडेमोड करा, मेंदू तल्लख ठेवा. झाले, जपानी आजी-आजोबा सुद्धा डीएस घ्यायला दुकानात. खर्च औषधपाण्याच्या खात्यात! क्योतो आणि कासोद्यात इथे तसूभरही फरक नाही. पुढे २०१७ सालच्या 'स्विच'ने टीव्हीला जोडायचे यंत्र आणि हातातले यंत्र एकाच खोक्यात घालून दोन खरेद्या एका नोंदीत बसवल्या, आणि तोही पंधरा कोटींच्या पार गेला. श्रीमंत देशांत वही जरा जाड असते एवढेच, पण ती असतेच.

आता शेवटचा आक्षेप मोबाइलचा. आजचा मोबाइल महाग आहे, गेम चालू केला की बॅटरी दिवसभरही टिकत नाही, आणि तरीही त्याने सगळ्या कन्सोलना धूळ चारली. मग काटकसरीचा नियम मोडला की काय? मोडला नाही, पुरता सिद्ध झाला. मोबाइल गेमसाठी घेतला असे कबूल करणारा माणूस अजून खान्देशात जन्मायचा आहे. २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केला, २०२० मध्ये शाळा मोबाइलवर भरली आणि ज्या घरांत पोराला फोन हात लावू देत नसत, तिथे खास त्याच्यासाठी नवा फोन आला. खर्च शिक्षणाच्या खात्यात. त्याच वर्षी २ सप्टेंबरला सरकारने पब्जीसह ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हा शिक्षण नेमके कोणत्या विषयाचे चालू होते हे पुष्कळ घरांत उशिरा कळले. मोबाइल हा कामाचाच असतो, ही श्रद्धा तर विधिमंडळापर्यंत पोचलेली आहे. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर सभागृहात रमी दिसल्याची चित्रफीत फिरली. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेला गेम बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. महिनाअखेरीला त्यांच्याकडचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते आले. एखाद्या वस्तूची शेतीतली नोंद खेळात वळती होण्याचे इतके अधिकृत उदाहरण नोकिया ११०० लाही साधले नव्हते.

तेव्हा हातातल्या कन्सोलच्या कंपन्यांनी अजून चार रंग आणि दोन पट वेग यांवर पैसे घालवण्याआधी जळगाव बाजार समितीच्या आवारात एक चक्कर मारावी. पुढच्या यंत्राला टॉर्च बसवावा, तो शक्यतो पडद्यापेक्षा मोठा असावा. डीएससारखे दोन पडदे द्यायचेच असतील तर एकावर रावेरचा केळीचा भाव आणि दुसऱ्यावर बऱ्हाणपूरचा दाखवावा, म्हणजे दोन पडदे कशाला हा प्रश्न आपोआप निकाली निघेल. मोटर घरबसल्या सुरू करण्याचे बटण त्यात आले तर उत्तम. गेमचा उल्लेख खोक्यावर कुठेही करू नये, तो पोरे शोधून काढतील. आणि एवढे करून यंत्राचे नाव ठिबकच्या एखाद्या सुट्या भागासारखे ठेवून अनुदानाच्या यादीत घुसवता आले, तर सोनी, सेगा आणि निन्टेन्डोने एकत्र येऊनही त्याला हरवता येणार नाही. फक्त मागचे झाकण उघडून दाखवायची तयारी ठेवावी. तिथे सहा सेलांची जागा दिसली, तर अनुदानासकट यंत्र परत जाईल.